अनुदान संपल्यावरही चालणारा शेती प्रकल्प : विदर्भातील गावांसाठी कार्यपद्धती

विदर्भातील अनेक गावांत समाजमंदिराच्या मागच्या खोलीत एखादी डाळ मिल, चाळणी यंत्र किंवा पेरणी यंत्र कुलपात पडलेले आढळते. यंत्र चांगले असते आणि अनुदानही नियमाप्रमाणे मिळालेले असते. परंतु ते कोणी चालवायचे, बिघडल्यास खर्च कोणी करायचा आणि वीज बिल कोणत्या खात्यातून भरायचे, हे खरेदीपूर्वी ठरलेले नसते. शेतीच्या प्रकल्पाने गावाला हातभार लागतो की तो केवळ कागदोपत्री पूर्ण होतो, हे बहुतांशी अशाच निर्णयांवर अवलंबून असते. पुढील मांडणी शेतकरी गटांचे सचिव, ग्रामसंघांच्या (गावातील महिला बचत गटांच्या संघांच्या) पदाधिकारी, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक आणि गावपातळीवर काम करणारे कार्यकर्ते यांच्यासाठी आहे.

आधी अडचण, मग योजना

प्रत्यक्षात क्रम उलटा असतो. योजना जाहीर होते, तिच्यात काय मिळते ते पाहिले जाते आणि मग गावाची गरज त्या साच्यात बसवली जाते. हा क्रम बदलणे हे प्रकल्प व्यवस्थापनाचे पहिले काम आहे.

विदर्भ म्हणजे एकच एक शेती नव्हे. यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला या भागांत कापूस, सोयाबीन व तूर ही मुख्य पिके आहेत. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड हा संत्र्याचा पट्टा आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग धानाचा आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजलच खारे असल्यामुळे तेथे विहीर खोल करण्याचा प्रकल्प मांडणे व्यर्थ असून पावसाचे पाणी शेततळ्यात साठवणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. पूर्व विदर्भात मात्र पाण्याचा प्रश्न सुरू होतो तो माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातील, तलावांपासून. मामा तलाव या नावाने ओळखले जाणारे हे तलाव गाळाने भरले आहेत आणि तेथे धान उत्पादकांना रोवणीनंतर हवे असलेले पाणी व मच्छीमार संस्थेला तलावात राहायला हवे असलेले पाणी यांची आधी सांगड घालावी लागते. गाळ काढणे त्या मानाने सोपे काम आहे.

अडचण शोधण्यासाठी शिवारफेरी करावी आणि ती उन्हाळ्यात एकदा व पावसाळ्यात एकदा, अशी दोनदा करावी. एप्रिलमध्ये कोरडा दिसणारा नाला ऑगस्टमध्ये कोणाच्या वावरात शिरतो आणि कोणती पांदण चिखलामुळे बंद होते, हे उन्हाळ्यातील फेरीत कळत नाही. पांदण रस्त्याचा प्रश्न वरवर शेतीबाहेरचा वाटतो. पण सोंगणीच्या वेळी थ्रेशर वावरापर्यंत पोहोचत नसेल, तर शेतकऱ्याला मजुरीवर होणारा खर्च कोणत्याही बियाण्याने भरून निघत नाही.

फेरीनंतर तीन याद्या तयार कराव्यात. पहिली जमिनीची, दुसरी पाण्याच्या स्रोतांची आणि तिसरी श्रमांची. जमिनीची यादी सातबाऱ्यावरून करण्याचा मोह होतो. मात्र सातबाऱ्यावर नाव एकाचे असते आणि शेत मक्त्याने किंवा ठोक्याने कसणारा दुसराच असतो. बहुतेक योजनांचे अर्ज जमिनीच्या नोंदीवर चालत असल्यामुळे मक्तेदार शेतकरी, भूमिहीन मजूर आणि जमीन नावावर नसलेल्या स्त्रिया आपोआप बाहेर राहतात. गावातील प्रत्यक्ष कष्टाचा मोठा भाग याच लोकांचा असतो. म्हणून श्रमांची यादी वेगळी ठेवावी : कोणत्या महिन्यात कोणाला काम असते, कोणाला नसते, वेचणीसाठी बाहेरून मजूर येतात की गावातील मजूर बाहेर जातात. या यादीवरून पुढे अवजार बँक (शेतीची यंत्रे भाड्याने देणारे केंद्र), गोदाम किंवा प्रक्रिया केंद्र यांतील काम कोणाला द्यायचे ते ठरवता येते. नवे यंत्र आल्याने कोणाची मजुरी जाणार आहे, हेही याच यादीत दिसते. हा मुद्दा बैठकीत कोणी उपस्थित करत नाही. त्यामुळे तो व्यवस्थापकाने स्वतः मांडावा.

सभा आणि सहमती

ग्रामपंचायत कायद्यानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० व्यक्ती, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. नियमित ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेण्याचीही तरतूद आहे. प्रकल्पाचा विषय महिला सभेत आधी ठेवला, तर ग्रामसभेत येताना तो पुष्कळ बदललेला असतो; पाणी, सरपण, गुरांचा चारा आणि मजुरीचे दर हे विषय तेथे पुढे येतात. गाव विकास आराखड्यात प्रकल्पाची नोंद झाली की बांधबंदिस्ती, शेततळे किंवा पांदण रस्ता यांसारखी कामे रोजगार हमीच्या निधीशी जोडणे सुलभ होते.

निर्णय कसा घ्यावा, यासाठी विदर्भातच एक उदाहरण आहे. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवले. तेथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची पद्धत आहे आणि निर्णयापूर्वी विषय समजून घेण्यासाठी अभ्यास गट बसतो. सर्वच गावांना सर्वसहमती साधेल असे नाही. गटातटांत विभागलेल्या मोठ्या गावात तर ती अडवणुकीचे साधनही होऊ शकते. परंतु मोठ्या खर्चाच्या निर्णयाआधी सात-आठ जणांनी कागदपत्रे व हिशेब वाचून गावासमोर मांडणे कोठेही शक्य आहे.

निवडणुकीच्या आचारसंहितेचा काळ आधीच विचारात घ्यावा. त्या काळात नवी कामे अडकतात आणि प्रकल्प एखाद्या उमेदवाराचा म्हणून ओळखला गेला, तर निकालानंतर निम्मे गाव त्याच्याकडे पाठ फिरवते.

हिशेब खरेदीपूर्वी करावा

उत्साहाच्या भरात सर्वांत कमी वेळ ज्या गोष्टीला दिला जातो, ती ही. सोयाबीन काढणीच्या वेळी विकू नये, साठवून नंतर विकावे, हा सल्ला विदर्भात सगळेच देतात. तो बरोबर आहे की नाही, हे आकडे मांडल्याशिवाय सांगता येत नाही.

समजा, एका गटाकडे ३०० क्विंटल सोयाबीन आहे, त्यात १४ टक्के ओलावा आहे आणि काढणीच्या वेळी त्याच मालाला क्विंटलला ४,००० रुपये भाव मिळतो आहे. तेव्हाच विकल्यास हाती १२ लाख रुपये येतात. साठवणुकीसाठी ओलावा १२ टक्क्यांपर्यंत आणावा लागतो. शासकीय हमीभाव खरेदीतही हीच मर्यादा असते. वाळवल्यावर ३०० क्विंटलचे साधारण २९३ क्विंटल उरतात. म्हणजे सात क्विंटल माल कोणी न चोरता कमी होतो आणि वजनातील ही घट आधी समजावून सांगितली नसेल, तर पुढे संशयाला तेथूनच सुरुवात होते. हा माल बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत ठेवला, तर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने मिळू शकते. ४,००० च्या भावाने कर्ज सुमारे ८ लाख ७९ हजार आणि सहा महिन्यांचे व्याज सुमारे २६,४०० रुपये होईल. गोदामाचे भाडे ५० किलोच्या कट्ट्यामागे महिन्याला १० रुपये धरले, तर सुमारे ३५,२०० रुपये. वाहतूक व हमाली क्विंटलमागे १०० रुपये धरली, तर २९,३०० रुपये. एकूण खर्च ९१ हजारांच्या घरात जातो.

याचा अर्थ असा की सहा महिन्यांनंतर भाव ४,४०० रुपयांच्या वर गेला, तरच साठवणुकीत फायदा आहे. ४,३०० ला विकणारा गट काढणीच्या भावापेक्षा ३०० रुपये जास्त मिळाल्याचा आनंद मानेल आणि प्रत्यक्षात तोट्यात असेल. येथील भाडे व हमाली हे गृहीत धरलेले आकडे आहेत. आपल्या तालुक्यातील प्रत्यक्ष दर घालून हा हिशेब पुन्हा करावा आणि तो फळ्यावर सर्वांसमोर मांडावा. कर्जाचा दुसरा उपयोगही येथे नोंदवायला हवा. भाव वाढला नाही तरी तारण कर्जामुळे रब्बीच्या पेरणीसाठी रोख रक्कम मिळते आणि सावकाराचे व्याज वाचते. काही कुटुंबांसाठी हाच खरा लाभ असतो. मात्र तो भाववाढीचा लाभ म्हणून सांगू नये.

यंत्राच्या बाबतीत एक चूक वारंवार होते. समजा, यंत्र तीन लाखांचे आहे आणि अनुदान वजा जाता गटाने १ लाख २० हजार रुपये भरले. भाडेदर ठरवताना गट आपल्या हिश्शावर घसारा (यंत्राच्या झिजेपोटी दरवर्षी धरायची रक्कम) धरतो, म्हणजे दहा वर्षांसाठी वर्षाला १२,००० रुपये. परंतु दहा वर्षांनी नवे यंत्र घेताना पुन्हा अनुदान मिळेल याची हमी नसते. घसारा पूर्ण किमतीवर, म्हणजे वर्षाला ३०,००० रुपये धरावा. वर्षाला २०० एकरांवर वापर होत असेल, तर एकरी १५० रुपये केवळ घसाऱ्याचे झाले. त्यावर डिझेल, चालकाची मजुरी आणि दुरुस्ती यांची भर घालून दर ठरवावा. खासगी ट्रॅक्टरवाल्यापेक्षा हा दर जास्त निघत असेल, तर ते यंत्र गावाला परवडत नाही आणि अनुदान कितीही असले, तरी ते घेऊ नये.

अनुदानाविषयी आणखी एक अडचण आहे. राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवरील योजना असोत किंवा २०१८ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे पोकरा, असो; साधारणपणे पूर्वसंमती घेऊन आधी स्वतःच्या पैशाने खरेदी करावी लागते आणि रक्कम नंतर बँक खात्यात जमा होते. ज्याच्याकडे आधी गुंतवायला पैसा आहे तोच लाभ घेतो, हा त्याचा सरळ परिणाम आहे. म्हणून दुर्बल सदस्यांसाठी ग्रामसंघाच्या अंतर्गत कर्जातून किंवा गटाच्या भांडवलातून या मधल्या काळाची सोय करणे हा प्रकल्पाचा भाग मानावा. कागदपत्रांपैकी शेतकरी ओळख क्रमांक, आधारशी जोडलेले बँक खाते आणि सातबारा-आठ अ यांतील नावांचा मेळ उन्हाळ्यातच तपासून घ्यावा.

गट, ग्रामसंघ की कंपनी

उत्पादक कंपनी नोंदवायला किमान दहा उत्पादक लागतात आणि संचालकांची संख्या पाच ते पंधरा असते. नोंदणी अवघड नाही. त्यानंतर दरवर्षी करावे लागणारे लेखापरीक्षण, वार्षिक सभा आणि विवरणपत्रे यांचा खर्च मात्र उलाढाल असो वा नसो करावाच लागतो. केंद्राच्या २०२० च्या दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांच्या योजनेत तीन वर्षांसाठी १८ लाख रुपयांपर्यंत व्यवस्थापन खर्च मिळण्याची तरतूद होती. चौथ्या वर्षी व्यवस्थापकाचा पगार कशातून निघणार, याचे उत्तर पहिल्याच वर्षी शोधायला हवे. एकत्र खरेदी-विक्रीचा व्यवहार गटाने दोन हंगाम नीट केला असेल, तरच कंपनीचा विचार करावा, असे माझे मत आहे. मसाला, पापड, डाळ यांसारख्या प्रक्रियेसाठी उमेद (राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांच्या बचत गटांचे ग्रामसंघ बहुधा अधिक योग्य ठरतात, कारण त्यांना साप्ताहिक बैठक आणि हिशेबाची सवय असते. वर्धा जिल्ह्यातील वायगाव हळदीसारखा भौगोलिक मानांकन असलेला माल असेल, तर कंपनीची गरज लवकर पडते. दूरच्या खरेदीदाराला बिल, तपासणी अहवाल आणि सातत्य हवे असते.

कामाचे वेळापत्रक

शासनाचे वर्ष मार्चमध्ये संपते आणि शेतकऱ्याचे वर्ष साधारण गुढीपाडव्याला सुरू होते. सालदाराचा करारही तेव्हाच होतो. प्रकल्पाने शेतकऱ्याचे वर्ष धरावे. जूनमध्ये लागणाऱ्या निविष्ठांची (बियाणे, खते इत्यादींची) दरपत्रके फेब्रुवारी-मार्चमध्ये मागवावीत, मंजुरी एप्रिलमध्ये घ्यावी आणि माल मेअखेर गावात असावा. निधी उशिरा येणार हे दिसत असेल, तर त्या वर्षी बियाण्याचा कार्यक्रम सोडून रब्बीचा किंवा काढणीनंतरचा कार्यक्रम हाती घ्यावा. पेरणी उलटून गेल्यावर बियाणे वाटण्यात गावाचा विश्वास जातो.

मे महिन्यात घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण चाचणी सामुदायिक रीतीने करावी. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत १०० दाणे ठेवून, गुंडाळून, ओलावा टिकवून सुमारे आठवड्याने कोंब मोजावेत. ७० किंवा अधिक दाणे उगवले, तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. कमी उगवल्यास त्या प्रमाणात बियाणे वाढवावे. एका पैशाचाही खर्च नसलेला हा उपक्रम महागड्या प्रशिक्षणांपेक्षा अधिक उपयोगी पडतो आणि दुबार पेरणीचा एक मोठा धोका टाळतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी न करण्याचा कृषी विभागाचा सल्ला पाळता यावा, म्हणून गावात स्वतःचे पर्जन्यमापक असावे. मंडळाच्या ठिकाणचा पाऊस आपल्या शिवारात पडलेला असतोच असे नाही. रुंद सरी-वरंबा यंत्राने पेरणी करायची असेल, तर चालकांचा सराव पेरणीच्या दिवशी न ठेवता मेमध्येच एखाद्या मोकळ्या वावरात घ्यावा.

पेरणी, सोंगणी आणि पहिली वेचणी या काळात बैठका ठेवू नयेत. पोळ्याच्या आसपासचे दिवस त्यासाठी बरे.

कापसाच्या गावात गुलाबी बोंडअळीचे नियंत्रण हे एकट्याचे काम नाही, म्हणूनच ते चांगले सामूहिक काम आहे. हेक्टरी पाच कामगंध सापळे (नर पतंगांना गंधाने ओढणारे) लावून नोंद ठेवावी. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा अधिक पतंग आढळल्यास आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजतात. एका शेतकऱ्याने फरदड (हंगाम संपल्यावरही उभे ठेवलेले कापसाचे पीक) ठेवली, तर पुढील हंगामात किडीचा त्रास शेजारच्या सगळ्यांना होतो. त्यामुळे पऱ्हाटी (कापसाची झाडे) कधी उपटायची, हे ग्रामसभेने ठरवावे आणि उशिरा एक-दोन वेचण्यांवर संसार चालणाऱ्या लहान शेतकऱ्याचे नुकसान कसे भरून काढायचे, याचाही त्याच सभेत विचार करावा. नुसता ठराव कोणी पाळत नाही. फवारणीबाबत हलगर्जी करू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसपेक्षा अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. फवारणी करणारा बहुधा मजूर असतो, मालक नव्हे; म्हणून हातमोजे, मास्क व पूर्ण कपडे यांचा खर्च प्रकल्पात धरावा, मिश्रणे अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या शिफारशीशिवाय करू नयेत आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये.

पैसा, नोंदी आणि मोजमाप

खात्यावर दोन सह्या, खरेदीसाठी तीन दरपत्रके, साठा नोंदवही आणि यंत्राची वापर वही एवढी शिस्त पुरते. ती वाढवत नेल्यास कोणी पाळत नाही. खरेदी समितीतील व्यक्ती आणि बिले मंजूर करणारी व्यक्ती वेगळी असावी. दर महिन्याची जमा-खर्चाची गोळाबेरीज ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, कारण गावात हिशेबाविषयी बोलणे होतेच. ते आकडे समोर ठेवून झालेले बरे.

मोजमाप थोडेच करावे, पण सुरुवातीपासून करावे. प्रशिक्षणाला किती लोक आले, ही संख्या अहवालात शोभते, तिच्यातून कळत काही नाही. जलसंधारणाचे काम असेल, तर ठरावीक दहा-बारा विहिरींची पातळी दिवाळीनंतर आणि एप्रिलमध्ये मोजावी. पाऊस कमी-जास्त झाल्याचा परिणाम वेगळा काढण्यासाठी कामाच्या क्षेत्राबाहेरील दोन-तीन विहिरीही त्याच यादीत घ्याव्यात. पीक उत्पादनासाठी दोन शेतकऱ्यांची तुलना करण्याऐवजी एकाच शेतकऱ्याच्या वावरात अर्ध्या भागात नवी पद्धत आणि अर्ध्या भागात जुनी पद्धत ठेवून, कट्टे वेगळे भरून वजन करावे. उत्पन्नाबरोबर खर्चही लिहावा. उत्पादन वाढले आणि निंदण-वेचणीचा खर्च त्याहून अधिक वाढला, असे पुष्कळदा घडते. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांनी केलेले नुकसानही नोंदवावे. त्याशिवाय कमी उत्पादनाचा दोष पद्धतीवर जातो.

हस्तांतरण

संस्था किंवा विभाग प्रकल्पातून बाहेर पडण्याच्या किमान एक पूर्ण खरीप हंगाम आधी कारभार गावाच्या समितीकडे द्यावा, म्हणजे अडचण आली तर विचारायला कोणी तरी असते. देताना मालमत्तेची यादी, यंत्रांची हमीपत्रे, मूळ बिले, जागेचा करारनामा, ग्रामसभेच्या ठरावाच्या प्रती, वीज जोडणीच्या नावातील बदल आणि दुरुस्ती निधीचे पासबुक यांची पोच घ्यावी. समाजमंदिर किंवा ग्रामपंचायतीच्या जागेत केंद्र असेल, तर जागावापराचा करार मुदतीसह लेखी असावा. नवे पदाधिकारी आल्यावर तोंडी परवानगीला अर्थ उरत नाही. बँकेतील सह्यांचे अधिकार बदलायला ठराव, ओळखपत्रे आणि कित्येकदा शाखेच्या दोन-तीन फेऱ्या लागतात. हे काम जूनपूर्वी उरकावे, अन्यथा पेरणीच्या तोंडावर खात्यात पैसे असूनही ते काढता येत नाहीत.